दोन कार्बोरेटर, एक कान

आमोण्यात बार्जी थांबल्या त्या वर्षी
मी दोतोर आनिसेतांची एमजी घरी आणली.
आणली म्हणजे टेम्पोतून, तुकड्यांत.
दोना एर्मेलिंदनं पैसे घेतले नाहीत.
म्हणाली, चालली तर एकदा माझ्या दारावरून ने.
बावन्न सालची. दोन माणसांची,
त्यातलं एक बारीक हवं.

प्रेमावतीनं अंगणभर नजर फिरवली:
बॉनेट तुळशीला टेकलेलं, रेडिएटर न्हाणीशी,
हेडलाइटांची दोन भांडी पायरीवर उपडी.
"मी सुपारी कुठं वाळवू?"
एवढंच विचारलं. उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

पाने आधी चकले.
तेराचा बसेना, चौदाचा घसरे.
वास्कोच्या भंगारात व्हिटवर्थचा जुना संच मिळाला
तेव्हा इंजिनाचा पहिला बोल्ट सुटला,
आणि हातात घेऊन पाहतो तर
डोकं इंग्रजी मापाचं, आटे फ्रेंच, मिलिमीटरचे.
मी एकटाच हसलो.
अशी माणसं आमच्या वाड्यावर पुष्कळ:
जन्मदाखला पोर्तुगीज, शाळा मराठी,
भांडण मात्र कोकणीत.

पत्र्याखालचा सांगाडा लाकडाचा निघाला.
पुस्तकात लिहिलं होतं, ॲश.
शब्दकोशात पाहिलं: राख.
बोट लावलं तर राखच होती,
वाळवीनं पुस्तक माझ्याआधी वाचलेलं.
गुणो च्यारी आला, कानामागची पेन्सिल काढली,
दाराची चौकट दोनदा मोजली नि म्हणाला,
फणस घालतो. देवाच्या पालखीला चालतो,
विलायतेच्या गाडीला का नको?
दाराच्या खाचेतून मूठभर लाल धूळ सांडली.
खाण बंद होऊन चार वर्षं झाली होती.
मी ती झाडली नाही लगेच.

वायरिंग उलटं. बॅटरीचं धन टोक अंगाला,
ऋण सगळ्या दिव्यांना.
हे मला माहीत होतं, तरी पहिल्यांदा चुकलो.
धूर निघाला, बारीक, निळा, उदबत्तीएवढा,
आणि स्विंडनला रात्रपाळी करणाऱ्या दोतोरांच्या नातवाला
पुन्हा फोन करावा लागला.
पार्सल आलं सव्वा महिन्यानं.
आत कटआउट, दोन गॅस्केट,
आणि चॉकलेटचा एक चपटा डबा, आजीसाठी.

मग चावी फिरवली.
पेट्रोलचा पंप आधी टिकटिकला,
पोट भरल्यावर गप्प झाला,
आणि इंजिन खोकत उठलं.

आता उरलं होतं दोन कार्बोरेटरांचं जमवणं.
रबरी नळीचं एक टोक त्यांच्या तोंडाशी,
दुसरं आपल्या कानात.
दोघांचा श्वास सारखा ऐकू आला पाहिजे.
पण तीस वर्षं बार्जीच्या इंजिनाशेजारी उभा राहून
माझा उजवा कान गेलेला,
आणि डाव्यात एक रातकिडा कायमचा राहायला आलेला.
स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे.
तीन संध्याकाळी गेल्या.
मला दोन्हीकडे रातकिडाच ऐकू येई.

चौथ्या दिवशी प्रेमावती पेजेचं भांडं उतरवून आली,
पदरानं नळी पुसली, कानाला लावली,
डोळे मिटले.
"पुढच्याचा दम आखूड आहे."
फिरवलं.
"आता मागचा कुरकुरतो."
फिरवलं.
"थोडं मागं घे. थोडं. बस."
कुठं शिकलीस, विचारलं मी.
म्हणाली, तुम्ही बार्जीवर असताना
दोन पोरं खोकत होती एका खाटेवर.
रात्री दिवा न लावता ओळखावं लागे
कुणाचं वाढलंय.

रविवारी गेलो दोना एर्मेलिंदच्या दारावरून.
प्रेमावती शेजारी, मांडीवर तो चपटा डबा.
म्हातारी बाल्कांवात आली, गाडीकडे पाहिलंच नाही,
खांब धरून नुसती ऐकत राहिली.
"दोतोर इथं दुसऱ्यात टाकायचे," म्हणाली.
मी दुसऱ्यात टाकली.
मोटर घुमली, कुंपणावरचं मांजर पळालं,
दोना एर्मेलिंदनं मान हलवली,
बरोबर की चूक, मला समजलं नाही.

वळणावर प्रेमावतीनं कोपरानं ढोसलं.
"पुढच्याचा दम पुन्हा आखूड होतोय हं."
मी डावा कान तिच्याकडे केला.
"घरी गेल्यावर नळी काढा," ती म्हणाली,
"आणि सुपारी उन्हात आहे, जरा लवकर चला."